भिकाकाकांचं पान

कौसर शेखचा राग अंबडच्या अख्ख्या औद्योगिक वसाहतीला माहीत होता. शिंप्याची पोर, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. इंदिरानगरहून स्कूटीवर यायची आणि वॉचमनपासून मालकापर्यंत कुणाचीही भीडभाड ठेवायची नाही. २००४ साली कुंदनशेठने आपल्या स्प्रिंगच्या कारखान्याची वेबसाइट करायला तिला कामावर घेतलं. शेठची हौस तर काय विचारता! पहिल्या पानावर सनई वाजायला हवी, दिवे लुकलुकायला हवेत, आणि मधोमध शेठचा हार घातलेला फोटो. जिवंत माणसाचा!

"अहो शेठ, हे उघडायलाच चार मिनिटं लागतात," कौसर कडाडली. "लोक काय सनई ऐकायला येतात? त्यांची स्प्रिंग तुटलीय. ती का तुटली ते सांगा ना त्यांना!"

ते सांगू शकणारा कारखान्यात एकच माणूस होता. भिकाकाका, सुरगाण्याकडचे, बावीस वर्षं मशीनवर उभे. कौसर महिनाभर जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्याजवळ बसली, खोदून खोदून विचारलं, लिहून घेतलं. 'स्प्रिंग का तुटते' असं एक साधं पान केलं आणि खाली त्यांचं नाव घातलं. सनईच्या पानावरून लोक दहा सेकंदांत पळायचे. या पानावर मात्र पंधरा पंधरा मिनिटं थांबायचे, परत यायचे, प्रश्न पाठवायचे. कौसरने तो सगळा हिशोब छापून शेठच्या टेबलावर आपटला.

शेठ खूश झाले. "वा! आता तिथं ज्ञानेशचं नाव टाका."

ज्ञानेश म्हणजे शेठचे चिरंजीव. मशीनला कधी बोट लावलं असेल तर शपथ! कौसरने तोंडावर नाही म्हटलं. शेठने बाहेरचा माणूस बोलावून दुपारच्या आत नाव बदलून घेतलं.

पुढच्याच महिन्यात राजकोटचे एक कारखानदार ते पान वाचून थेट येऊन धडकले. केबिनमध्ये शेठसमोरच त्यांनी तुटकी स्प्रिंग ज्ञानेशच्या हातात दिली. ज्ञानेश ती उलटीपालटी करत बसला. कौसरला ते बघवेना. ती तडक मशीनवर गेली आणि भिकाकाकांना अक्षरशः ओढत केबिनमध्ये घेऊन आली.

"साहेब, ते पान यांचं आहे!"

भिकाकाकांनी स्प्रिंग घेतली. अंगठा बरोबर आतल्या बाजूच्या ओरखड्यावर जाऊन थांबला. मग त्यांनी शेठच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्प्रिंग टेबलावर ठेवून दिली.

"मला काय म्हाईत, साहेब. छोटे शेठ सांगतील."

बाहेर येताच कौसर त्यांच्यावर तुटून पडली. "लाज नाही वाटत? मी तुमच्यासाठी नोकरी पणाला लावली, आणि तुम्ही असं खोटं बोलता?"

"तुमाला दुसरी मिळंल, बाई," भिकाकाका हळूच म्हणाले. "शिकलेल्या हाय तुम्ही. मला या वयात कोण ठिवंल?"

ते मशीनकडे परत गेले. कौसर तिथंच उभी राहिली. आता रागवायचं तरी कुणावर, हेच तिला कळेना, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.