मास्तरांचा उंबरा

चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला की समजायचं, मास्तरांनी शब्द दिला. मग वर एकच वाक्य यायचं, "बोललो म्हंजे बोललो." त्यानंतर ब्रह्मदेव खाली उतरला तरी विषय पुन्हा उघडत नसे. तुमच्याही ओळखीत असा एखादा हट्टी म्हातारा असेल. आमचे मास्तर जरा वेगळे होते. शब्द न मोडता त्यातून बाहेर कसं पडायचं, याचाही ते विचार करत बसत.

हे शाळेचे मास्तर नव्हेत, स्टेशन मास्तर. पूर्णेच्या अलीकडं एका लहानशा स्टेशनात ते साहेब होते आणि मी तिकीट खिडकीवर. एकदा भर उन्हाळ्यात पॅसेंजर रखडली. फलाटावरच्या बायाबापड्या कुरकुरायला लागल्या, तसे मास्तर बोलून गेले, "तुमची गाडी येस्तोवर मीबी जेवायचा न्हाई." चष्मा खिशात. बाराची गाडी साडेचारला आली, तोवर त्यांचा डबा टेबलावर तसाच. मी माझा डबा कपाटाआड बसून चोरून खाल्ला. ठेच्याचा वास त्यांना नक्कीच आला असणार.

गावातल्या न्हाव्यानं एकदा त्यांची मिशी एका बाजूनं जास्त उतरवली. "त्याच्या दुकानात पाऊल टाकायचा न्हाई," मास्तर म्हणाले. गावात न्हावी तेवढा एकच. महिन्याभरात केस कानावर आले. मग एके दिवशी बघतो तर फलाटाच्या टोकाला, लिंबाखाली मास्तर खुर्ची टाकून बसलेले आणि तोच न्हावी कात्री चालवतोय.

"काय बघायलास?" मास्तर म्हणाले. "मी न्हाई गेलो त्याच्या दुकानात. त्यो आलाय स्टेशनात."

निवृत्तीनंतर त्यांनी परभणीत आमच्याच गल्लीत घर बांधलं. हौसेनं सागवानी उंबरा बसवून घेतला. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, रोज सकाळी त्यावर हळदीकुंकू वाहायच्या आणि मास्तर शेजारी उभं राहून पॉलिश उतरेल म्हणून काळजी करायचे. घराला वर्ष होतं न होतं तोच त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, मंजूनं, परस्पर लग्न केलं. मुलगा येलदरीला धरणावरच्या वीजघरात नोकरीला होता. चांगला होता, पण दुसऱ्या जातीचा. मास्तरांनी चष्मा काढला, खिशात ठेवला.

"माझ्या घराच्या उंबऱ्यावर त्याचा पाय पडायचा न्हाई. बोललो म्हंजे बोललो."

लेकीला मनाई नव्हती, पण तीही बापाचीच. "त्यांना येता येत नसलं तर मीबी येत न्हाई," तिनं कळवलं. काकू बाजाराची पिशवी घेऊन बाहेर पडायच्या आणि अर्ध्या वाटेवरच्या जिंतूरच्या स्टँडवर लेकीला भेटून संध्याकाळी परतायच्या. पिशवीत चार वांगी. मास्तर फक्त म्हणायचे, "बाजार लय लांब भरायलाय अलीकडं."

अशी चार वर्षं गेली आणि उन्हाळ्यातच अधिक महिना आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस धोंड्यांचं वाण द्यायचं. गल्लीत रोज कुणाचा ना कुणाचा जावई उतरत होता. काकू काही मागत नव्हत्या, नुसत्या दारात बसून दुसऱ्यांचे जावई बघत होत्या. ते मास्तरांना सोसलं नाही. एका सकाळी ते माझ्याकडं आले.

"स्टेशनाकडं ते नवीन हॉटेल झालंय. त्याची गच्ची कुणाची?"

"हॉटेलवाल्याची."

"म्हंजे माझी न्हाई."

"नाही."

"वर जायला उंबरा हाय का?"

"लिफ्ट आहे, मास्तर."

ते जायला वळले. मग म्हणाले, "शुक्रवारी सांजच्याला चल. चौघांत तू असला म्हंजे बरं."

शुक्रवारी सहाव्या मजल्यावरच्या त्या गच्चीवर आम्ही पाचजण बसलो; मंजूला आणि जावयाला काकूंनी निरोप धाडला होता. खाली खोटं हिरवं गवत, कडेला काचेचा कठडा, प्रत्येक टेबलावर इवलासा दिवा. दिवसभर भाजून निघालेलं गाव खाली हळूहळू निवत होतं. ऊन पाण्याच्या टाकीवरून उतरलं होतं आणि स्टेशनचा सगळा पसारा, रुळांच्या वळणापर्यंत, नजरेत येत होता. मास्तरांनी अशी खुर्ची धरली की समोर रूळ येतील आणि जावई येणार नाही.

काकूंनी पिशवीतून पितळी डबा काढला, तसा मॅनेजर आला. बाहेरचे पदार्थ चालत नाहीत, अदबीनं म्हणाला. मास्तरांचा हात चष्म्याकडं गेला.

"हे पदार्थ न्हाईत," मास्तर म्हणाले. "हे धोंड्याचं वाण हाय. तुमचं लगीन झालंय का?"

"झालंय."

"मग तुमाला सासुरवाडीनं बोलावलं का न्हाई?"

मॅनेजर लाजला. "परवा जायलोय," म्हणाला आणि स्वतः जाऊन पाच ताटल्या आणि तुपाची वाटी घेऊन आला.

जेवण सुरू झालं, बोलणं मात्र होईना. जावई मान खाली घालून पनीरचे तुकडे मोजल्यासारखे खात होता. मंजू आईकडं बघत होती, आई ताटाकडं. मी हवापाण्यावर दोन वाक्यं टाकून पाहिली, ती तशीच पडून राहिली. एवढ्यात लांब वळणावर गाडीचा दिवा दिसला आणि तिथंच थांबला. मास्तरांनी घड्याळ पाहिलं.

"का थांबली ही?" ते स्वतःशीच पुटपुटले.

"सिग्नल लाल हाय, मामा," जावई हळूच म्हणाला. "त्या खांबाच्या डाव्या अंगाला. आता... पडला बघा पिवळा."

मास्तर पहिल्यांदाच वळले. "एवढ्या लांबून दिसला तुमाला?"

"बोर्डावरच्या दिव्यांकडं बघण्यातच पाळी जाते आमची. दिवा बदलला की कळायलाच पाहिजे."

"मग! आमचंबी तेच की," मास्तर म्हणाले आणि खुर्ची सरकवून त्याच्या शेजारी बसले. पुढचा तासभर सिग्नल, टर्बाइन, रात्रपाळी आणि झोप न येण्यावरचे उपाय. समोरची नान वाळून पापड झाली. शेवटी मास्तरांनी डब्यातला धोंडा स्वतःच्या हातानं उचलला, त्याच्या ताटलीत ठेवला, वर तूप सोडलं.

"घ्या, जावईबापू."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मीही रुळांकडं बघितलं, दुसरीकडं बघायला काही नव्हतं.

जावयानं आम्हाला गाडीतून घरी सोडलं. काकू कुलूप काढून आत गेल्या, मंजू दारापर्यंत जाऊन थांबली. मास्तर उंबऱ्याकडं बघत उभे राहिले.

"शब्द हाय, जावईबापू," ते म्हणाले. 

"म्हाईत हाय, मामा. मी हितंच बरा."

पोरगा अंगणात उभ्यानंच पाणी प्यायला आणि दोघं निघून गेली. त्या दिवशी मला मास्तरांचा राग आला. एवढं सगळं करून शेवटी लाकडाचा एक ओंडका मोठा ठरला, असं मी घरी जाऊन बायकोला म्हणालो.

आठवड्यानं सकाळीच ठोकाठोक ऐकू आली. जाऊन बघतो तर मास्तर खुर्ची टाकून बसलेत आणि गवंडी सागवानी उंबरा उखडतोय. काकू मागून बोलत होत्या, बिनउंबऱ्याचं घर असतं का कुठं, लोक काय म्हणतील.

मास्तर माझ्याकडं बघून म्हणाले, "उंबराच न्हाई तर पाय पडंल कशावर? दिवाळीला बोलवू दोघांना."

उखडलेल्या जागी गवंड्यानं जमिनीबरोबर सिमेंट भरलं. मास्तर दिवाळीची वाट बघत होते, घरातल्या कॅलेंडरवर त्यांनी पेनानं गोल केला होता. पण भादव्यातच एका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

येलदरीहून दोघं आली. मंजू धावत आत गेली. जावई मात्र दाराबाहेरच उभा राहिला, अंगणातल्या माणसांत, हात जोडून. काकूंनी आतून हाक मारली, "या आत, जावईबापू. त्यांनी काढलाय उंबरा तुमच्यासाठी." त्यानं खाली बघितलं. मग तोंडावर रुमाल धरून तो आत आला.

आता तो दर सणाला येतो. काकू त्या सिमेंटच्या पट्टीवर रांगोळी काढतात. मी समोर ओट्यावर बसून बघत असतो. दाराशी आला की तो अजूनही पाय उंच उचलतो आणि मास्तरांचा तो नसलेला उंबरा, त्याला पाय न लावता, ओलांडून आत जातो.