पद्मनाभची जीभ

सिंगापुरात बिशानच्या मराठी मंडळींत पद्मनाभ केतकरच्या जिभेला मोठा मान. पुण्याहून आयटीत आलेला हा गडी पूर्वी ताकालाही नाक मुरडायचा. ऑफिसच्या कामाने मिलानला काय जाऊन आला, तिथे जेवणानंतर घेतात त्या कडू, औषधी दारूच्या, म्हणजे अमारोच्या, प्रेमातच पडला. घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि संत्र्याची साल, रेवाचिनी, कापूर अशी यादी वाचायचा. बायका एकमेकींना कोपर मारायच्या. घरी बायकोच्या, उर्मिलाच्या, आमटीत मीठ नाही हे मात्र स्वारीला कधी कळत नसे.

मार्चमध्ये त्याची आई गेली. ऑफिसात नवी सिस्टिम सुरू व्हायची होती. तो पुण्याला पोचला तिसऱ्या दिवशी. धाकट्या भावाने, अभयने, सगळं उरकलं होतं. स्मशानातून परतलेल्यांनी दारात ज्याची पानं चावली, तो कडुनिंबाचा डहाळा कोपऱ्यात सुकला होता. पद्मनाभने तो उचलून केरात टाकला. परत येऊन सोमवारी कामावर हजर. रडला नाही. इकडे लगेच कुजबुज: दगड आहे नुसता. खरी गोष्ट त्याने उर्मिलालाही सांगितली नव्हती. त्या दिवसापासून त्याच्या जिभेला काही लागतच नव्हतं.

तरी जूनमध्ये शहरातल्याच क्वीन्सटाउनला मित्राच्या, निमिषच्या, फ्लॅटवर, शनिवारी दुपारी, अमारो चाखायची बैठक ठरली तेव्हा तो उर्मिलाबरोबर गेला. नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. पहिले दोन ग्लास जुन्या पाठांतरावर निभावले. तिसऱ्यात निमिषने, मुलखाचा खोडकर तो, खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरची बिनसाखरेची काळी कॉफी गार करून ओतली होती. पद्मनाभने घोट घेतला, डोळे मिटले.

“रेवाचिनी. शेवटी जरासा कापूर.”

हसता हसता बैठकीतल्या स्वानंदीला ठसका लागला. पद्मनाभही हसला, सगळे हसतायत तेवढं. हसली नाही ती एकटी उर्मिला.

परतीच्या मेट्रोतून बिशानला उतरल्यावर ती ब्लॉकमागच्या कडुनिंबाखाली थांबली.

“केव्हापासून?”

“आई गेली तेव्हापासून.”

तिने एक पान तोडून पुढे धरलं. “हे तुझं राहिलंय.”

नेमून दिलेलं काम करावं तसा तो पान चावत राहिला.

“कडू लागतंय?”

“नाही.”

मग तिने स्वतःच एक तोंडात टाकलं. तिचा चेहरा कसा वाकडा होत गेला, ते तो लक्ष देऊन बघत राहिला आणि दुसऱ्या पानासाठी त्याने हात पुढे केला.