त्या दिवशी काय रांधलं होतं?

रहमतुल्लाभाई सल्ला देत नाहीत, हे आकांक्षाला पहिल्याच भेटीत कळलं आणि तिचं डोकं सटकलं. अहो, मग येता तरी कशाला? बडनेऱ्याला गाडीत बसायचं, अकोल्याला उतरायचं, ऑटोवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालायची, आणि एवढं करून तांदळाच्या पोत्यावर टेकून विचारायचं काय, तर "साहेब, या दाराले आतून कडी काहून हाये?" आता असेल कडी! दाराला कडी नाही लावायची तर काय झालर लावायची?

पण ही भानगड मुळापासून सांगितली पाहिजे. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात खेड्यापाड्यांतून पेशंट येतात आणि त्यांच्यासोबत घरचं कोणीतरी येतं. पेशंटला आत जेवण मिळतं, घरचं माणूस बाहेर पायरीवर बिस्किटं खाऊन दिवस काढतं. त्या पायरीवरच्या माणसांसाठी नत्थुजी नावाच्या एका भल्या गृहस्थाने 'शिदोरी' काढली. एक टिनाची शेड, मोठमोठ्या चुली, मैनाबाई आणि त्यांच्या जोडीच्या काही बाया, आणि डबे पोचवणारा टेम्पोवाला पिंटू. इतक्या बळावर संस्था वर्षानुवर्षं चालली. नत्थुजी गेले आणि त्यांच्या जागी, मुख्य कार्यकारी अधिकारी असं लांबलचक नाव घेऊन, आकांक्षा आली. पोरगी चांदूर रेल्वेच्या शेतकऱ्याची, पण मधली काही वर्षं पुण्यातल्या संस्थांत काढलेली.

आता वऱ्हाडातल्या संस्थावाल्यांचा एक मंच आहे. त्यांनी ठरवलं, की नव्या कारभाऱ्याला एक जुना, रिटायर झालेला कारभारी जोडून द्यायचा. त्याला म्हणायचं मेंटॉर. पुण्यात आकांक्षाने मेंटॉर पाहिले होते. ते फळ्यावर बाण काढत, चौकोन काढत, आणि जाताना पाठीवर थाप मारत. तिच्या वाट्याला आले ते पांढऱ्या दाढीचे, खिशात अडकित्ता बाळगणारे रहमतुल्लाभाई. सगळ्या कारभाऱ्यांना ते 'साहेब' म्हणायचे, बाई असो की बुवा. थट्टा करतात की मान देतात, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कुणाला कळलेलं नाही.

बाळापूरच्या सतरंज्या विणणाऱ्या घरातला हा माणूस. अमरावतीला डोळ्यांची शिबिरं भरवणाऱ्या एका संस्थेत जीपचा ड्रायव्हर म्हणून लागला आणि त्याच संस्थेचा प्रमुख म्हणून रिटायर झाला. ड्रायव्हरचा साहेब झाला कसा, याचं आकांक्षाला फार नवल. तिने एकदा सरळ विचारलंच.

"चाचा, हे जमलं कसं तुम्हाला?"

"मले काय मालूम, साहेब," ते सुपारी कातरत म्हणाले. "डॉक्टर लोक शिबिर लावत, अन् गाव येतच नसे. डॉक्टर हुशार होते, पन त्याइले इचारायले टाइम नव्हता. मी गाडी लावून हॉटेलात बसो. चहा घेऊ अन् इचारो, का हो, गाव कुठं गेलं आज? तं म्हनत, बैलबाजारात. मंग पुढच्या खेपेले बाजार सोडून शिबिर. असं इचारता इचारता खुर्चीत येऊन बसलो. अक्कल जास्त नाही लागली. चहा लय लागला."

त्यांच्या बेगम रईसाबी एकदा फोनवर आकांक्षाला म्हणाल्या होत्या, "घरी बी हेच करतात. सालनात नमक कमी हाये असं कधी म्हननार नाहीत. इचारतील, रईसा, नमक महाग झालं का गं? असा राग येते!"

आकांक्षालाही यायचा. पण रागाच्या मागे एक खाज होती. हा माणूस काय शोधतोय? डेगेचं झाकण कोणी निवडलं, बाया चहा कुठे पितात, नत्थुजी कुठे बसायचे? प्रत्येक वेळी ती उत्तर द्यायला तोंड उघडायची आणि निम्म्या वेळा लक्षात यायचं, की आपल्याला ठाऊकच नाही. संस्थेची कारभारीण, आणि आपल्याच चुलीभोवतीचं माहीत नाही! ही बोच मोठी विचित्र असते. ती रागावूही देत नाही आणि स्वस्थही बसू देत नाही.

आणि त्या आठवड्यात तर स्वस्थ बसायची सोयच उरली नव्हती. आकांक्षाने शेडमध्ये पोळ्यांचं मशीन आणलं होतं. बायांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मशीनवर ओला फडका वाळत घातला आणि पोळ्या हाताने लाटत राहिल्या. तिने कामाच्या वेळा बदलल्या. बाया जुन्याच वेळेला आल्या. तिने विचारलं, काही अडचण आहे का? "काही नाही मॅडम." आणि मग एका सकाळी मैनाबाईंनी पदराला हात पुसत सांगितलं, "एक तारखेपासून मी येत नाही." बाकीच्या बाया मागे उभ्या होत्या. एकेकीने मान हलवली. आम्ही बी.

झालं! ट्रस्टचे अध्यक्ष सूर्यभानजी तापले. बाया जात असतील तर जाऊ द्या, डब्याचा ठेका केटररला देऊन टाकू, शनिवारच्या मीटिंगमध्ये ठरवू, असं त्यांनी सांगून टाकलं. आकांक्षाचं काय करायचं तेही त्याच मीटिंगमध्ये ठरणार होतं, हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते कळायला काही ज्योतिषी लागत नाही. तिला नोकरीची चिंता होतीच. त्याहून मोठी चिंता वेगळी होती. केटररचे डबे सुरू झाले म्हणजे पायरीवरच्या माणसाला जेवण मिळेल, पण ज्या बायांच्या हातावर शिदोरी उभी राहिली, त्या तिच्या कारकिर्दीत गेल्या असं होईल. आणि का गेल्या, हे तिला मरेपर्यंत कळणार नाही.

रहमतुल्लाभाई आले तेव्हा तिने हे सगळं एका दमात सांगितलं. मशीन, वेळा, मैनाबाई, मीटिंग, सगळं. म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला,

"साहेब, नत्थुजी गेले त्या दिवशी हितं काय रांधलं होतं?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! "चाचा, शनिवारी मीटिंग आहे माझी. आणि तुम्ही मला भाजी विचारता?"

"मले माहीत नाही म्हनून इचारलं."

"मलाही नाही माहीत! मी पंधरा दिवसांनी आले."

"हां," म्हातारा म्हणाला, आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठून चालू लागला. आता अशा माणसाला काय म्हणावं?

पण प्रश्न डोक्यात शिरला की शिरला. दुपारी तिने सूर्यभानजींना फोनवर सहज विचारलं. ते म्हणाले, "खिचडी असेल, मला काय आठवतं! पण चूल बंद पडली नाही, हे लिहून घ्या. नत्थुजी गेले त्या दिवशीसुद्धा डबे वेळेवर गेले." आवाजात केवढा अभिमान. मग तिने पिंटूला विचारलं. टेम्पो पुसता पुसता त्याचा हात थांबला. "मॅडम, मले इचारलं तं इचारलं. मैनाबाईले नका इचारू."

आता असं म्हटल्यावर कोण राहील न विचारता?

मैनाबाई वाल सोलत बसल्या होत्या. आकांक्षा त्यांच्यासमोर बसली, दोन शेंगा हातात घेतल्या आणि विचारलं. मैनाबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग हातातली शेंग खाली ठेवली.

"वांग्याची भाजी," त्या म्हणाल्या. "वांग्याची भाजी अन् पोया. कनीक भिजवून झाली होती. सूर्यभानभाऊचा फोन आला. म्हने नत्थुजी गेले. अन् त्याच तोंडानं म्हने, सयपाक थांबवू नका, लोकं वाट पाहून राहिले. आमी लाटल्या पोया. कोनी रडली बी नाही, कनकेत पानी पडंन म्हनून. डबे गेले, हात धुतले, निंगालो, तं समजलं, माती बी देऊन झाली. पोरांनी गावाकडंच नेलं होतं त्याइले. आमी तोंड नाही पाह्यलं, मॅडम."

"आणि तेराव्या दिवशी? तेरवीला?"

"तेरवीचं जेवन कोनं रांधलं असंन?" मैनाबाई एकदम कडाडल्या. "आमीच! लोकं जेवले अन् म्हने, मैनाबाई, बुंदी मस्त झाली. असं वाटे, तो झारा त्याइच्या टाळक्यात हानावा! ज्या घरी मानूस मरते त्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी कडू घास आनतात. आमाले कोन आनंन? आमीच तं साऱ्या जगाले चारून राहिलो. अन् मंग तुमी आल्या. चांगल्या हाय तुमी, मी नाही म्हनत नाही. पन पहिल्याच दिवशी त्याइचा बाक उचलला अन् मंग तिथं ते मशीन ठेवलं."

भिंतीशी एक जुना लाकडी बाक होता, हे आकांक्षाला अंधुक आठवलं. नत्थुजी त्यावर बसून तांदूळ निवडायचे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिने विचारलं नव्हतं. लाज वाटली, दुसरा शब्द नाही. ती उठली, पिंटूला घेऊन गोदामात गेली, मशीन बाजूला सरकवलं आणि तो बाक ओढत आणून जागेवर ठेवला. मैनाबाईंनी येऊन बाकावरची धूळ पदराने झटकली. संध्याकाळी जाताना मात्र एवढं म्हणाल्या, "एक तारखेचं ध्यानात ठेवजा." म्हणजे बाकाने भागणार नव्हतं.

तिने रहमतुल्लाभाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे म्हाताऱ्याने मयताची बातमी ऐकल्यावर मुसलमान घरांत म्हणतात ते शब्द हळू आवाजात म्हटले, जणू नत्थुजी आत्ताच गेले होते.

"चाचा, आता तरी सांगा. काय करू?"

"मले एक सांग, बेटा," ते म्हणाले. साहेब म्हणायचं विसरले होते. "तुह्या चांदूरले, अशा घरी काय घेऊन जातात?"

"पिठलं-भाकरी," आकांक्षा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. तिने दवाखान्यासमोरच्या खानावळवाल्याला गाठून शुक्रवारच्या डब्यांची सोय केली आणि सूर्यभानजींना कळवलं, की शुक्रवारी शिदोरीची चूल पेटणार नाही.

"काय म्हणता? आजवर बंद पडली नाही चूल! नत्थुजी गेले त्या दिवशी..."

"तिथंच तर घोडं पेंड खातं, भाऊ. त्या दिवशी बंद ठेवायला पाहिजे होती."

"मी परवानगी देत नाही. आणि शनिवारची मीटिंग तुमच्यावरच आहे, ध्यानात असू द्या."

"शनिवारी काढायचं तर काढा मला. शुक्रवारी चूल पेटणार नाही." अध्यक्षांना नाही म्हणायची तिची ही पहिलीच वेळ.

शुक्रवारी पहाटे ती स्वतः भाकरी थापायला बसली. पुण्यात भाकरीची सवय मोडली होती. आईला फोन करून पिठात पाणी किती ते विचारलं, तरी काठ फाटले ते फाटलेच. पिठल्यात गुठळ्या झाल्या. असू दे, म्हणून टोपलं भरलं, वर कडुनिंबाची डहाळी ठेवली आणि शेडवर गेली.

बाया आल्या. चुली थंड पाहून दारातच थबकल्या. आत सतरंजी अंथरलेली. कोपऱ्यात रहमतुल्लाभाई मान खाली घालून बसलेले. पहिल्या गाडीने आले होते. कोणी कोणाला काही विचारलं नाही. मयताच्या घरी बसायला जातात तशा त्या एकेक करून भिंतीला टेकून बसल्या. आकांक्षाने सगळ्यांपुढे भाकर ठेवली. तिने बोलायचं ठरवलं होतं बरंच काही. तोंडून एवढंच निघालं, "उशीर झाला मला. घास घ्या, बाई."

मैनाबाई त्या फाटक्या काठाच्या भाकरीकडे पाहत राहिल्या. कडुनिंबाचं पान तोडून त्यांनी जिभेवर ठेवलं. आणि मग जो हंबरडा फोडला, तो ऐकून रस्त्यावरचा पिंटू टेम्पो सोडून धावत आला. साऱ्या बाया रडल्या. इतके महिने कणकेत पडू नये म्हणून अडवलेलं पाणी ते, थोडंथोडकं कसं असेल? मैनाबाईंनी रडत रडत घास मोडला आणि पहिला घास आकांक्षाच्या तोंडाजवळ नेला. "तू बी खा, माय. त्याइचं घर आता तुह्याच गळ्यात हाये."

तेवढ्यात दारात सूर्यभानजी उभे. चेहरा लाल, हातात गाडीची किल्ली. "कोणाच्या हुकमानं चूल बंद केली?"

आकांक्षा उठायला लागली. मैनाबाईंनी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं.

"आमी केली," त्या म्हणाल्या. "आमच्या घरचं मानूस गेलं, भाऊ. तुमचा बी दोस्तच होता तो. चपला काढा अन् बसा. उद्या मीच पेटवतो चूल."

सूर्यभानजींनी किल्ली खिशात टाकली. मग त्यांनी चपला काढल्या, आणि बसताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.