मोठा आकडा आधी

नवी टीम पहिल्या वर्षी किती सामने हरली, याच्या दोन नोंदी आहेत. एक अमेरिकेतली, खरी. दुसरी बहारीनच्या मनामा शहरातल्या आमच्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरची. दोन्हींचा मेळ बसत नाही. तो का बसत नाही हे माहीत असलेली माणसं तीन होती. त्यांतला मी एक.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं वर्तमानपत्र सुरू होऊन वर्ष व्हायचं होतं. मी मुंबईच्या एका दैनिकातून क्रीडा पानाचा उपसंपादक म्हणून तिथे गेलो होतो. संपादक इंग्रज होता. जुफैरच्या नौदल तळावरचे अमेरिकन आपला पेपर घेत नाहीत, ही त्याची तक्रार होती. त्यावर त्याने उपाय काढला. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये त्या वर्षी एक टीम नव्याने घेतली होती. पेपर नवा, टीमही नवी. तिचा रोजचा निकाल एका छोट्या चौकटीत द्यायचा, असं त्याने ठरवलं.

बेसबॉल मला कळत नव्हतं. बातमीसंस्थेच्या कागदांवरून जेवढं समजलं ते असं. लीग वाढवायची ठरली की नव्या मालकाला टीम उभी करावी लागते. जुने क्लब आपले चांगले खेळाडू राखून ठेवतात आणि उरलेल्यांतून नव्या टीमने निवड करायची. अशा टीमला 'एक्सपान्शन टीम' म्हणतात. ती पहिली काही वर्षं हरते. सगळे तसं धरूनच चालतात.

हे मी आमच्या कंपोझिंगच्या ऑपरेटरला सांगितलं, कारण चौकट त्यालाच टाइप करायची होती. तो सावंतवाडीकडचा, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. ऑफिसात सगळे त्याला भाऊ म्हणत. बहारीनला आल्यावर आधी तो मीना सलमान बंदरावरच्या एका वर्कशॉपमध्ये पाइप जोडायच्या कामावर होता आणि कामगारांच्या कॅम्पवर राहत होता. इंग्रजी टाइपिंग गावाकडे शिकलेला होता, म्हणून आमच्याकडे लागला.

"एक्सपान्शन म्हणजे फट, साहेब," तो म्हणाला. "पाइपाक फट ठेवूची लागता. नायतर उन्हान फुगान फुटतला."

"ही टीम आहे, भाऊ. दुसऱ्यांनी सोडलेल्या माणसांची."

"म्हणजे आमचो कॅम्प," तो म्हणाला आणि टाइप करायला लागला.

भाऊचं एक काम कोणाच्या हिशेबात नव्हतं. बातमीसंस्थेच्या बातम्या उतरवणारा टेलिप्रिंटर चुका करायचा. अक्षरांच्या जागी आकडे यायचे, आकड्यांची अदलाबदल व्हायची. भाऊ ते टाइप करतानाच दुरुस्त करी. बहुतेक वेळा त्याची दुरुस्ती बरोबर असे, आणि मी त्याबद्दल त्याला दोनदा सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. पहिल्या आठवड्यातच मी त्याच्यासाठी एक चिठ्ठी लिहून मशीनच्या वर चिकटवली होती. फुटबॉल आणि हॉकीचे निकाल आम्ही जिंकलेल्या संघापासून सुरू करायचो, तेव्हा आकडे उलटे आले तर ओळखायचे कसे, यासाठी. चिठ्ठी मराठीत होती. तीनच शब्द: 'मोठा आकडा आधी'.

एप्रिलमध्ये मोसम सुरू झाला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तळावरून फोन आला. बोलणारा तिथल्या कँटीनचा अमेरिकन कारकून होता. नवी टीम त्याच्या गावची. तो म्हणाला, "तुम्ही माझी टीम जिंकवता आहात. मला आनंद आहे. पण ती हरली आहे."

मी बघतो म्हणालो. संपादक हसला. दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोन आला. या वेळी टीम जिंकली होती आणि आम्ही हरलेली दाखवली होती. नंतर त्याचं पत्र आलं. आमच्या चौकटी कापून कागदावर चिकटवलेल्या, बाजूला रेडिओवर ऐकलेले खरे निकाल. खाली एक ओळ: तळावर काही मुलं संध्याकाळी तुमचा निकाल खरा की खोटा यावर थंड पेयांच्या क्रेटची पैज लावतात. ज्यांच्याकडे रेडिओ आहे ती जिंकतात. तुमच्या ऑफिसात कोणाकडे रेडिओ आहे का?

पत्र वाचल्यावर संपादक हसला नाही. जुगाराचा वास जरी तिथल्या माहिती मंत्रालयापर्यंत गेला तरी पेपरचा परवाना जाईल, एवढंच तो म्हणाला, आणि मला चौकशी करायला सांगितली.

मी ती बातमीदार करतो तशीच केली. टेलिप्रिंटरचे जुने कागद फाइलला लावलेले असत. ते काढून छापलेल्या चौकटींशी ताडून पाहिले. बातमीसंस्थेचा कागद बरोबर होता. फरक टाइप करताना पडत होता. टीमची नावं होती तशीच, फक्त आकडे जागा बदलत होते. तेही रोज नाही, मधून मधून. माझ्या हातून प्रूफ जात होतं, पण मी नावांची स्पेलिंग बघत होतो. आकडे मूळ कागदाशी ताडत नव्हतो.

मधून मधून, हेच मला खटकलं. अज्ञानाने चूक होते तेव्हा ती रोज होते, असं मी तेव्हा मानत होतो. मधून मधून होते ती ठरवून केलेली.

मग मी भाऊकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. तसं बघितलं की सगळं जुळत जातं. तो दर शुक्रवारी जुफैरला जायचा. तिथे त्याचा गाववाला लाँड्रीत होता आणि त्या लाँड्रीत तळावरचे युनिफॉर्म यायचे. दुपारी पान लागलं की भाऊ चौकटीचा एक जादा प्रिंट कापून शर्टच्या खिशात ठेवायचा. हे मी तीन दिवस सलग पाहिलं. चौथ्या दिवशी विचारलं, "भाऊ, हे कशाला?"

"असंच," तो म्हणाला. "लाँड्रीत विचारतत."

"कोण विचारतं?"

"कपडे न्यायक येतत ते. नेव्हीवाले."

एका शुक्रवारी मी टॅक्सी करून जुफैरला गेलो. लाँड्रीच्या मागच्या बाजूला भाऊ आणि त्याचा गाववाला डब्यातून भात आणि माशाची आमटी खात बसले होते. समोर एक गोरा तरुण उभा होता. त्याच्या हातात आमची चौकट होती आणि तो हसत होता. मी थांबलो नाही. पलीकडच्या दुकानातून सिगारेट घेतली आणि त्याच टॅक्सीने परत आलो.

शनिवारी मी संपादकाला लेखी दिलं. आकडे ऑपरेटरच्या हातून बदलतात. ऑपरेटरची तळावरच्या लोकांशी ओळख आहे. तो चौकटी तिकडे नेतो. तीन वाक्यं. तिन्ही खरी होती.

भाऊचा व्हिसा त्या महिन्यात नूतनीकरणाला आला होता. कागद संपादकाच्या टेबलावर सहीसाठी पडले होते. सही झाली नाही तर भाऊला महिन्याच्या आत देश सोडावा लागणार होता. असा परत गेलेला माणूस पुन्हा येतोच असं नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. संपादकाने कागद उचलले आणि ड्रॉवरमध्ये टाकले.

दुसऱ्या दिवशी भाऊ जेवायला गेलेला असताना संपादक स्वतः कंपोझिंगमध्ये गेला आणि मशीनवरची चिठ्ठी काढून घेऊन आला. लिपी हिंदीची दिसते म्हणून त्याने वितरण व्यवस्थापकाला बोलावलं. हा गृहस्थ लखनौचा, बोलताना नेहमी जरा रंगात यायचा. मला बोलावलं तेव्हा दोघं चिठ्ठीवर वाकले होते.

"मोटा आँकड़ा, आधी," व्यवस्थापक वाचत होता. "आँकड़ा तो मर्द है, साहब. 'आधी' किसकी? रक़म की. मोटी रक़म, आधी-आधी. खलास, मामला साफ़ है." मग त्याने हेच इंग्रजीत संपादकाला सांगितलं: वाटणी ठरलेली आहे, निम्मी निम्मी.

संपादकाने चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "त्याची भाषा तुमचीच ना? हा म्हणतो ते बरोबर आहे का?"

अक्षर माझं होतं. 'ठ'ला मी वर जी गाठ मारतो ती सुद्धा होती.

मी म्हणालो, "बघून सांगतो."

चिठ्ठी घेऊन बाहेर आलो.

भाऊ मशीनवर बसलेला होता. वरची जागा रिकामी झालेली त्याने पाहिली होती. त्या जागी सेलोटेपचे चार तुकडे राहिले होते. मी त्या दिवशीचा टेलिप्रिंटरचा कागद त्याच्यापुढे धरला. नवी टीम दोन, समोरची टीम सात.

"हे कसं टाइप कराल?"

"सात, दोन," तो म्हणाला.

"का?"

"मशीन चुकता. आकडे उलटे येतत. मी सुधारतंय." मग वरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून, "मोठो आकडो आधी. तुमीच लिवन दिलात ना, साहेब?"

मी विचारलं, इतके दिवस काही विचित्र वाटलं नाही का. त्याने ड्रॉवरमधून बिस्किटांचा डबा काढला. त्यात सगळ्या चौकटी होत्या, तारखेप्रमाणे. लाँड्रीत दाखवून तो त्या परत आणत होता. चौकटीत सामन्याचं गाव छापलेलं असे, त्यावरून त्याने त्या टेबलावर दोन रांगांत मांडल्या. त्याने ही वाटणी कधीच करून ठेवलेली असावी.

"ही टीम भायर गेली की जिंकता," वरच्या रांगेवर बोट ठेवून तो म्हणाला. "घराकडे इली की हरता. एकदाय चुकूक नाय. आमच्यासारखीच. म्हणान ठेवलंय."

सगळं त्या दोन रांगांत होतं. मी तिथूनच तळावरच्या कारकुनाला फोन लावला आणि विचारलं, बेसबॉलच्या निकालात कोणती टीम आधी लिहितात. जिंकलेली नाही, तो म्हणाला. पाहुणी टीम. टॉस नसतो, पाहुणे नेहमी आधी खेळतात, म्हणून आधी लिहितात. हे लहान पोराला पण माहीत असतं, असंही म्हणाला.

म्हणजे टीम परगावी हरली की तिचा लहान आकडा आधी यायचा, भाऊ तो मागे टाकायचा, आणि ती जिंकायची. घरी जिंकली की पाहुण्यांचा लहान आकडा आधी यायचा, भाऊ तोही उलटा करायचा, आणि ती हरायची. बाकीच्या दिवशी मोठा आकडा आपसूक आधी असायचा. म्हणून मधून मधून. ही सगळी दुरुस्ती माझ्या चिठ्ठीबरहुकूम होती.

मी भाऊला सांगितलं, व्हिसाचे कागद अडलेत. ते त्याला माहीत होतं. का अडलेत ते माहीत नव्हतं. मी तेही सांगितलं. लेखी कोणी दिलं तेही.

त्याने चौकटी गोळा करून डब्यात ठेवल्या. मग म्हणाला, "चिठ्ठी खंय आसा?"

मी खिशातून काढून दाखवली.

"कधीपासून तुमच्याकडे?"

"दुपारपासून."

"बरा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिठ्ठी आणि बिस्किटांचा डबा संपादकाच्या टेबलावर ठेवला. अक्षर माझं आहे, सांगितलं. आमच्या भाषेत 'आधी' म्हणजे अगोदर, निम्मी नव्हे, सांगितलं.

"हे तुम्ही सांगता," तो म्हणाला. "तुम्ही एकाच भागातले. काल तुम्हाला हे आठवलं नव्हतं."

"काल आठवलं होतं," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. पुढचा अर्धा तास त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि तो ठेवावा असं मी काही केलं नव्हतं. शेवटी चौकटींनी काम केलं. मी त्या भाऊने मांडल्या तशाच दोन रांगांत मांडल्या. त्याने एकेक करून मूळ कागदाशी ताडल्या. पैजेसाठी कोणी आकडे बदलले असते तर ते असे, एकही अपवाद न ठेवता एकाच नियमाने, बदलले नसते. यात कोणाचाच फायदा नव्हता. तो हे स्वतःशीच म्हणाला. मग ड्रॉवर उघडून त्याने व्हिसाच्या कागदांवर सही केली. मला म्हणाला, दुरुस्तीची चौकट तुम्ही लिहा, तुमच्या नावाने. सहायक संपादकाची जागा त्या वर्षी मला मिळायची होती. तिच्याबद्दल तो पुन्हा बोलला नाही.

दुरुस्ती छापून आली. तळावरचा कारकून फोनवर म्हणाला, चुकीची होती तेव्हा वाचायला जास्त बरी वाटायची.

मी नवी चिठ्ठी लिहिली, इंग्रजीत: बेसबॉलमध्ये पाहुणे आधी, आकड्यांना हात लावू नये. भाऊने ती हातात घेतली, वाचली आणि परत माझ्यापुढे धरली.

"सही करा, साहेब."

मी सही केली. त्याने सांगितल्यावरून खाली तारीख घातली.

त्यानंतर त्याने टेलिप्रिंटरची एकही चूक स्वतःहून दुरुस्त केली नाही. स्पष्ट दिसणारी असली तरी कागद घेऊन माझ्या टेबलाशी यायचा, चुकीवर बोट ठेवायचा आणि पेन पुढे करायचा. मी दुरुस्त करून सही करायचो. दिवसातून पाच वेळा, कधी दहा वेळा. जुफैरला जाणं चालू होतं. पूर्वी तो मला डब्यातली आमटी पुढे करायचा, आता कधीच करत नव्हता.

नवी टीम पुढची काही वर्षं हरतच राहिली. आम्ही ते बरोबर छापलं. ऐंशीचं दशक मध्यावर आलं तेव्हा कॉम्प्युटर आले आणि टेलिप्रिंटर गेला. भाऊने मशीन सोडलं त्या दिवशी सही केलेल्या कागदांचा गठ्ठा दोरीने बांधून घरी नेला. मी म्हणालो, भाऊ, आता त्याचा उपयोग नाही.

"आसांदे," तो म्हणाला. "कागद बरो."