वहिनीची एकशे त्रेचाळीस चित्रं

लग्नाचा अल्बम घरी आला तेव्हा आमच्या नव्या वहिनीने प्रत्येक फोटोखाली क्रमांक घातला आणि एकेक ओळ लिहिली. अठ्ठावीस नंबरखाली लिहिलं होतं : 'नवऱ्याची बहीण, डावीकडून तिसरी, नाराज.' मी नाराज नव्हते, बूट चावत होता. ओळ बदल म्हटलं, तर मग फोटोत जे दिसतंय त्याचं काय करायचं, असं तिने मलाच विचारलं. पुढची तीन वर्षं आमचं फारसं जमलं नाही, यात नवल नाही.

ती बॉयलरच्या कारखान्यात ऑफिसला आहे. प्रत्येक बॉयलरबरोबर एक जाड पुस्तक जातं. कोणता भाग कुठे आहे, आधी काय बंद करायचं, मग काय उघडायचं, हे त्यात चित्रांसकट असतं. ते पुस्तक संगणकावर वहिनी तयार करते. माझा दादा त्याच कारखान्यात फिटर आहे. बॉयलर जिथे जाईल तिथे जाऊन तो पेटवून द्यायचा, हे त्याचं काम.

वहिनीच्या जागी आधी एक गृहस्थ होते. ते चित्रांचे नंबर हाताने टाइप करत. एकदा त्यांनी मधलं एक चित्र काढून टाकलं. पुढची सगळी चित्रं एकेक घर मागे सरकली, पण मजकुराला कोणी कळवलं नाही. मजकूर आपला वाचणाऱ्याला जुन्याच पत्त्यावर पाठवत राहिला. 'आकृती बेचाळीसमधली झडप सैल करा,' असं वाचून दादाने बेचाळीसमधली झडप सैल केली आणि वाफेने त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पोळला. सहा आठवडे तो घरी होता आणि आई त्याला भरवत होती. गृहस्थांनी नोकरी सोडली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. दादाने ताकाच्या भांड्याकडे बघणंच सोडलं. तेव्हापासून तो कुठलंही पुस्तक उघडत नाही, घरच्या मिक्सरचंसुद्धा नाही.

वहिनी नवीन लागली तेव्हा एक फिटर प्लॅस्टिकचं वेष्टनही न फाडता पुस्तक परत आणून देतो, हे तिच्या लक्षात आलं. तिने कारण विचारलं. दादाने बाही वर केली. लग्न त्यातून ठरलं. आमच्याकडे याला प्रेमविवाह म्हणतात.

तिने चार महिने खपून सगळी पुस्तकं सुधारली. मला एकदा तिने ते समजावलं, मी विचारलेलं नसताना. चित्राखालचा नंबर आपण लिहायचाच नाही, संगणकाला मोजायला सांगायचं. मजकुरातही 'आकृती सतरा' असं टाइप करायचं नाही, त्या चित्राशी दोर बांधून द्यायचा. मग मध्ये चित्र घाला नाहीतर काढा, एक बटण दाबलं की खालचे नंबर आणि मजकुरातले उल्लेख, दोन्ही आपोआप बदलतात. मी म्हटलं, छान. ती म्हणाली, छान नाही, एवढं तर व्हायलाच हवं.

यंदा कारखान्याने नवा बॉयलर काढला. झडपांच्या जागा सगळ्या बदललेल्या, त्यामुळे दादाला जुन्या जागा पाठ होत्या त्याचा काही उपयोग नव्हता. पहिला बॉयलर पेटवायला सोमवारी दुपारी त्यालाच जायचं होतं. तरी तो म्हणत होता, हाताला कळतं. वहिनी जेवता जेवता एकदाच बोलली, "हाताला मागच्या वेळीही कळलं, पण उशिरा." दादा उठून गेला. त्याने हे पुस्तक उघडावं, एवढंच तिला हवं होतं. आणि त्यात एक जरी चूक निघाली, तर तो जन्मात दुसरं उघडणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

पुस्तक शुक्रवारी पूर्ण झालं : एकशे नव्वद पानं, एकशे त्रेचाळीस चित्रं. शनिवारी मालकांना वाटलं की सुरुवातीला आपल्या वडिलांचा, म्हणजे संस्थापकांचा, फोटो हवा. नुसता नको, 'आकृती १' असा नंबर घालून हवा. वहिनीने फोटो घातला, बटण दाबलं. एकाची दोन, दोनाची तीन, अशी एकशे त्रेचाळीस चित्रं गुपचूप एकेक घर पुढे सरकली आणि मजकूरही त्यांच्यामागे गेला. सोमवारी सकाळी फाइल छापखान्यात जायची होती आणि पहिली प्रत दुपारी दादाच्या हातात.

रविवारी वहिनीने आम्हाला कामाला लावलं. तिची एक पद्धत आहे. एकाने मजकूर मोठ्याने वाचायचा, 'आकृती अमुक पाहा' आलं की दुसऱ्याने त्या चित्रावर बोट ठेवायचं आणि तिथे काय आहे ते सांगायचं. वाचायला मी, बोट ठेवायला आई, खुणा करायला वहिनी. दादा खिडकीशी पेपर वाचत बसला, म्हणजे ऐकत होता. मला तीन ब्लाउज शिवून द्यायचे होते, त्यामुळे मी कपाळाला आठ्या घालूनच वाचत होते. दुपारपर्यंत शंभर पानं झाली. एकही चूक नव्हती. मी म्हटलं, आता बास, संगणक काय खोटं बोलतोय का.

आई म्हणाली, "थांब. या चित्राच्या आत काहीतरी लिहिलंय."

आई साबणाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरंही सोडत नाही. ते चित्र झाकणाचं होतं. त्यातच ड्राफ्ट्समनने बाण काढून लिहिलं होतं : 'झाकण उघडण्यापूर्वी आकृती ३१ मधली झडप बंद करा.' आईने पानं मागे उलटून एकतीसवर बोट ठेवलं. "ही तर पाण्याची आहे. वाफेची पुढच्या चित्रात आहे." मग तिने चष्मा काढला. बॉयलर तिने जन्मात पाहिलेला नाही, पण चाळीस वर्षं कुकर लावलाय. "पाणी बंद करून झाकण उघडलं, तर वाफ तोंडावर येईल गं."

चित्राच्या आत काढलेली अक्षरं हा चित्राचाच भाग असतो. संगणकाला ती वाचता येत नाहीत, त्यामुळे त्याने तेवढी जुनीच ठेवली होती. शोधल्यावर अशी अकरा चित्रं निघाली. वहिनी पांढरीफटक पडली. दादाने पेपरची घडी घातली. "बघ," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला. मला त्याचा राग आला. तिची बाजू घ्यावीशी वाटण्याची ती माझी पहिलीच वेळ.

सोमवारी ऑफिसात काय झालं, ते वहिनीनेच सांगितलं. तिला तिखटमीठ लावता येत नाही, तेव्हा शब्द खरेच असणार. अकरा चित्रं नव्याने काढायला ड्राफ्ट्समन नव्हता, तो पंधरा दिवसांच्या रजेवर होता. बॉयलर थांबणार नव्हता. उपाय एकच : फोटो राहू द्या, फक्त त्याचा नंबर काढा, म्हणजे सगळं शुक्रवारसारखं जागेवर येईल. मालक म्हणाले, ज्यांनी कारखाना उभा केला त्यांना साधा एक नंबर नाही? वहिनीने सांगितलं की पुस्तकाचा नियम आहे, नंबर असलेल्या चित्राचा मजकुरात कुठेतरी उल्लेख यावाच लागतो.

"मग करा उल्लेख," मालक म्हणाले.

"करते. फक्त एक सांगा साहेब. मजकूर फिटरला चित्राकडे पाठवतो, तो तिथे काहीतरी बंद करायला नाहीतर उघडायला. तुमच्या वडिलांकडे त्याला कशासाठी पाठवू?"

मालकांनी फोटोकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, पहिल्या बॉयलरवर कोण जातंय. वहिनीने सांगितलं. दादाचा हात पोळला तेव्हा हेच मालक दवाखान्यात फळं घेऊन आले होते आणि काय बोलावं ते न सुचून तशीच ठेवून गेले होते. "काढा नंबर," ते म्हणाले.

वहिनीने नंबर काढला, अकराच्या अकरा जागा बोट ठेवून तपासल्या, आणि दुपारी पहिली प्रत दादाच्या हातात दिली. त्याने ती न बघता पिशवीत टाकली. आणि तो गाडीत जाऊन बसला.

मंगळवारी फोन नाही. बुधवारी संध्याकाळी आला तेव्हा आम्ही तिघीही घरात होतो. बॉयलर पेटला, असं दादाने आईला सांगितलं. मग वहिनीला द्यायला सांगितलं. त्याचा आवाज मोठा आहे, सगळं ऐकू येत होतं.

"एकशे बाराव्या पानावर तुझं चित्र वाकडं छापलंय," तो म्हणाला. "आणि पुढच्या पानावर तेलाचा डाग पडलाय, तो माझ्या बोटाचा. दुसरी प्रत पाठव."

"पाठवते," वहिनी म्हणाली. फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली. आई घाबरून विचारत राहिली, काय झालं, काय चुकलं. मी शेजारी जाऊन बसले. चित्र वाकडं छापल्याबद्दल इतक्या आनंदाने रडलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.