चकलीच्या डब्यातला चार्जर

आमच्या डहाणूच्या घराच्या मागच्या पडवीत दोन गोष्टी साठतात. डिस्टिल्ड वॉटरच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या महिन्याकाठी भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही. हळदीकुंकवाला एखादा सांगितला की बायका म्हणतात, "अजून एक सांगा ना," आणि सगळ्यांचा चहा थंड होतो. म्हणून यंदा उन्हाळ्यात साठलेले लिहूनच काढते.

आधी थोडी ओळख करून देते. आमचे हे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाले. नोकरीभर बॅटऱ्यांच्या खोलीत वावरले, आणि आता घरी लोकांच्या जुन्या बॅटऱ्या पुन्हा चालत्या करतात. गाडीच्या, इन्व्हर्टरच्या, होडीच्या. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने पल्स चार्जर बनवला आहे. मला तो समजला तो असा: बॅटरी बरेच महिने रिकामी पडून राहिली की आतल्या शिशाच्या पत्र्यांवर पांढरा थर धरतो, जसा बंबात क्षार धरतो. मग करंट आत जात नाही नि बाहेर येत नाही, आणि दुकानदार सांगतो, "मेली." यांचा चार्जर त्या थरावर विजेच्या बारीक बारीक टिचक्या मारत राहतो. जोर अजिबात करायचा नाही, आठवडेच्या आठवडे नुसतं टिचकवत राहायचं.

"म्हणजे जपासारखंच की," मी एकदा म्हटलं.

"जपाला वीजबिल येत नाही," हे म्हणाले.

यंदाच्या सगळ्या किश्शांच्या मधोमध चार बॅटऱ्या आहेत. त्या वनिताच्या. वनिता तलासरीच्या बाजूला एका पाड्यावर राहते, ई-रिक्षा चालवते आणि पाड्यावरची पोरं शाळेत सोडते. गेल्या दिवाळीला ती बाळंतपणासाठी सायवनला माहेरी गेली. होळीला परत आली तेव्हा रिक्षा जागची हलेना. इतके महिने बॅटऱ्या रिकाम्या पडून होत्या. दुकानदाराने बघितल्या न बघितल्यासारख्या केल्या आणि नवीन घ्यायला सांगितलं. नवीन चार घेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. पोरांच्या आईबापांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, शाळा उघडेल त्या दिवशी रिक्षा दारात आली तर पोरं तुझी, नाहीतर व्हॅनवाल्याची. तो तर भर बाजारात सगळ्यांना सांगत होता, हिच्या बॅटऱ्या मेल्या. रिक्षा गेली तर वनिताला तान्ही पोर घरी ठेवून दिवसभरासाठी उंबरगावच्या कंपनीत जावं लागणार होतं.

पाडवा झाल्यावर ती टेम्पोतून चारही बॅटऱ्या घेऊन आली. पोर कडेवर होतीच. "काका, शाळा उघडेपर्यंत होतील?"

यांनी झाकणं काढली, आत टॉर्च मारला, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "होतील असं म्हणत नाही. मेल्यात असंही म्हणत नाही."

यांच्या तोंडून हे म्हणजे पक्कं वचन, हे मला माहीत होतं. तिला कुठून माहीत असणार? तिचे डोळे भरले. मी तिला चहा दिला आणि मनात म्हटलं, आई महालक्ष्मी, या पोरीची रिक्षा धावेपर्यंत मी चिकू खाणार नाही. अंगणात दोन चिकूची झाडं असताना, डहाणूत राहून चिकू सोडणं काय असतं, ते डहाणूकरांनाच विचारा.

*

चार बॅटऱ्या एकदम लावायच्या तर चार्जर मोठा हवा होता. यांनी जुन्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर, तांब्याच्या तारेची कॉइल आणि कॉम्प्युटरचा एक पंखा असं सगळं जमवून दोन दिवसांत नवीन चार्जर तयार केला. तिसऱ्या दिवशी मी पडवीत गेले, तर माझा चकलीचा स्टीलचा डबा किरकिरत होता.

डब्याला एका बाजूने गोल भोक, त्यात पंखा. दुसऱ्या बाजूने चार वायरी बाहेर.

मी म्हटलं, "भोक पाडायच्या आधी एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर दिला असतास?"

"नाही."

"म्हणून."

*

कागद सांभाळणं यांना जमत नाही. त्यामुळे रोजचं रीडिंग मी कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहायची. उपवास लाल पेनने, व्होल्ट निळ्या पेनने. तिसरी बॅटरी सगळ्यात मागे होती, म्हणून तिचा आकडा मी जरा मोठा काढायची.

संकष्टीच्या संध्याकाळी शेजारच्या कमलताई चंद्रोदयाची वेळ बघायला आल्या. त्यांचा चष्मा घरीच राहिला होता. कॅलेंडरवर डोळे बारीक करून बघितलं आणि "बरं बरं" म्हणत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तणतणत परत आल्या. "काल तुमच्या कॅलेंडरने मला उपाशी मारलं हो. चंद्र केव्हाचा वर आला होता, पण तुमची वेळ होईना. दहा साठ म्हणजे अकराच ना? मग सरळ अकरा लिहायला काय जातं?"

मी पदर तोंडाला लावून आत पळाले आणि यांना सांगितलं. हे काही हसले नाहीत. मीटर लावला, आकडा बघितला आणि म्हणाले, "त्यांना सांग, आज दहा ऐंशी आहे. प्रगती आहे."

*

बॅटरीतलं ॲसिड जमिनीवर सांडलं तर त्यावर खायचा सोडा टाकायचा असतो, म्हणजे ते शांत होतं. हे ज्ञान मला ज्या दिवशी झालं, त्याच दिवशी पलीकडच्या जसुबेन आमच्याकडे ढोकळा खायला येणार होत्या.

मी पीठ भिजवलेलं, फोडणी तयार, आणि सोड्याचा डबा रिकामा. तळाला होता तेवढा खरवडून घातला. वाफ दिली, झाकण उघडलं, तर ढोकळा पोळीसारखा चपटा. जसुबेनने ताटलीतल्या वडीला बोट लावून बघितलं.

"बेन, आ ढोकळां छे के थेपलां?"

पडवीतून यांचा आवाज आला, "सोडा मी घेतला. सांडलं होतं."

पुढच्या वेळी जसुबेन आल्या त्या सोड्याची दोन पाकिटं घेऊनच. दोन्ही ओट्यावर ठेवली. "एक बॅटरी माटे, एक ढोकळा माटे." आणि दुसरं पाकीट स्वतः उचलून माझ्या देव्हाऱ्यामागे लपवून ठेवलं. तिथे हे हात घालणार नाहीत, इतकं त्यांनाही ठाऊक होतं.

*

धाकट्या डहाणूचे एक तांडेल आहेत, मासेमारीची होडी चालवतात. त्यांच्या होडीची बॅटरी यांनी उठवली. समुद्रात वायरलेस पुन्हा बोलायला लागला, म्हणून तांडेल खूश होऊन ताजी पापलेटं घेऊन दारात उभे राहिले. बुधवार होता.

"तांडेलदादा, आज एकादशी आहे हो."

"मग उद्या आणतो."

"उद्या गुरुवार."

"परवा?"

"शुक्रवार. देवीचा."

तांडेलांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "काकू, तुमच्याकडे मासा खायचा वार तरी कुठला?"

हे आतून म्हणाले, "लग्न झाल्यापासून मीही तेच शोधतोय."

*

चिखल्याहून एक रिटायर गुरुजी इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन आले. त्या दिवशी वनिताही आपल्या बॅटऱ्या बघायला आली होती, पोरीला मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. यांनी गुरुजींची बॅटरी नुसती हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

"गुरुजी, पत्रे तुटून पडलेत. हिचं काही होणार नाही."

"असं कसं? तुम्ही मेलेल्या उठवता असं ऐकून आलो."

"मेलेली आणि आजारी यात फरक आहे. मी आजारी बघतो."

गुरुजींनी बॅटरी स्वतः हलवून बघितली. मग हळूच म्हणाले, "एक काम करा. आमच्या घरी फोन करून हे तुम्हीच सांगा. ही गेली असं बायको वर्षभर म्हणतेय, आणि मी वर्षभर तिला खोटं पाडतोय."

"गुरुजी, मी बॅटरीची कामं घेतो. असली नाही."

गुरुजी गेले. पायरीवरून वनिताने विचारलं, "काका, माझ्या कुठल्या?"

हे मीटरच्या वायरी गुंडाळत होते. वर न बघता म्हणाले, "आजारी."

त्या दिवशी तिने पहिल्यांदा माझ्याकडे दुसरा कप चहा मागितला.

*

आता माझी चूक सांगते. सांगायला हवी, नाहीतर यांचंच हसं केल्यासारखं होईल.

मे महिना अर्धा सरला होता. हे म्हणतात, "व्होल्ट खोटं बोलतो, बल्ब खोटं बोलत नाही." म्हणून बॅटरीला गाडीचा हेडलाइटचा बल्ब लावून ठेवायचा आणि किती वेळ जळतो ते बघायचं. बाकीच्या तीन बॅटऱ्यांनी सकाळच्या पूजेपासून संध्याकाळच्या दिव्यापर्यंत बल्ब धरला. तिसरीने दुपारच्या जेवणालाच मान टाकली. आणि रिक्षात चौघी एका साखळीत जोडलेल्या असतात. एका घरात चार जावा असल्या तरी जेवण तयार होतं ते सगळ्यात हळू हात असलेलीच्या वेळेला. तिसरी सुधारली नाही तर बाकीच्या तिघींचा काही उपयोग नव्हता.

मला राहवेना. मंगळवारी हे आंघोळीला गेलेले बघून मी देव्हाऱ्यातली गंगाजलाची लोटी आणली आणि तिसऱ्या बॅटरीच्या एका खान्यात दोन चमचे घातलं. मनात विचार इतकाच, की बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर चालतं, तर याहून शुद्ध पाणी कुठलं?

संध्याकाळपर्यंत पोटात ठेवलं. मग सांगितलं. उपवासाच्या दिवशी लपवाछपवी मला झेपत नाही.

हे बॅटरीपाशी जाऊन वाकले. "कुठल्या खान्यात?"

"डावीकडून दुसऱ्या."

"त्या पाण्यात क्षार असतात गं. आपल्याला चालतात, हिला नाही चालत."

माझा जीव अर्धा झाला. डोळ्यांसमोर कंपनीच्या गेटवर उभी वनिता दिसायला लागली. यांनी पिचकारीने त्या खान्यातलं थोडं पाणी काढून घेतलं. मग कॅलेंडरपाशी गेले, निळं पेन उचललं आणि त्या दिवसाच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं, 'गंगाजल, दोन चमचे.'

"हे कशाला लिहिता?"

"जे घातलं ते लिहायचं. खात्यात तसंच शिकवलंय." पेनला टोपण लावत म्हणाले, "पुढच्या वेळी हात बाहेरून जोड."

*

त्यानंतर तिसरीला त्यांनी बाकीच्या तिघींपासून वेगळी केली आणि चकलीच्या डब्याला एकटीलाच लावली. तीन आठवडे. आल्यागेल्याला चहा देताना माझा एक कान त्या किरकिरीकडे असायचा. आकडा कधी एक घर चढायचा, कधी चार दिवस तिथेच बसायचा. वनिता फोन करायची आणि "कशी आहे?" एवढंच विचारायची. पोरीबद्दल विचारावं तसं.

शाळा उघडायला आठ दिवस राहिले होते. यांनी सकाळी पूजेच्या वेळेला तिसरीला बल्ब लावला. आमची जेवणं झाली. मी पडवीत जायचं टाळलं. कमलताई येऊन गेल्या, त्यांनीसुद्धा आवाज खाली ठेवला.

संध्याकाळी यांनी हाक मारली, "अगं, दिवा लावलास का देवापाशी?"

"लावतेच आहे."

"लाव. इथला अजून चालू आहे."

श्रेय कुणाचं, टिचक्यांचं की चिकूचं, यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही. संसार असाच टिकतो.

*

शाळेच्या पहिल्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीने तलासरीला गेलो. वनिताने रिक्षा धुवून हार घातला होता. सासूने बाळाला घेतलं, मी नारळ फोडला. पोरं नव्या दप्तरांसकट मागे बसली, मीही त्यांच्यातच, एक मुलगी मांडीवर घेऊन. हे पुढे वनिताशेजारी, मांडीवर मीटर.

पाड्यावरून रस्त्याला लागायच्या आधी ओढ्यानंतर एक चढ आहे. तिथे रिक्षाचा आवाज खाली गेला. यांचं तोंड मीटरमध्ये.

वनिता म्हणाली, "काका, मीटर बघू नका. रस्ता बघा. बाकीचे सगळे रस्ताच बघतायत."

रिक्षा चढली.

वळणावर व्हॅन उभी होती. तीच व्हॅन, जिच्यात ही पोरं जाणार होती. बॉनेट उघडं, भोवती तिची पोरं इस्त्रीच्या गणवेशात उभी. व्हॅन सगळी सुट्टी अंगणात उभी राहिलेली. व्हॅनवाला चावी फिरवत होता आणि आतून नुसतं टक, टक येत होतं. शाळेची घंटा व्हायला थोडाच वेळ होता.

वनिताने रिक्षा बाजूला घेतली. यांनी पिशवीतून जाड वायरी काढल्या, सीट उचलली, आणि चारपैकी एका बॅटरीवरून वायरी व्हॅनला जोडल्या. "मार आता."

व्हॅन एका झटक्यात सुरू झाली. सगळी पोरं ओरडली.

व्हॅनवाला खाली उतरला. सीटखाली वाकून चारही बॅटऱ्यांकडे बघितलं. "नवीन टाकल्यास?"

"त्याच आहेत," वनिता म्हणाली. "ज्यांना तू बाजारात सगळ्यांसमोर मेलेल्या म्हणालास, त्या."

त्याने जाऊन बॉनेट खाली ओढून लावलं. वनिताने सीट बंद केली, हँडल धरलं आणि निघता निघता मागे वळून म्हणाली, "शाळेत पोचेपर्यंत आता बंद करू नको. शाळा सुटताना नाहीच सुरू झाली, तर हाक मार. तुझी पोरं पण मी सोडीन."