आडवे मामा

माझ्या बायकोच्या मामांनी आडवं पडून जेवढा संसार केला, तेवढा हिंगोली जिल्ह्यात उभ्यानंही कुणाला जमला नसेल. साखऱ्याला त्यांची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. चार माणसांचं काम एकटे ओढणारे हे मामा एकदा टेम्पोत एडका चढवताना मटकन खाली बसले. त्या दिवसापासून उभे राहिले की दहा मिनिटांत त्यांचं डोकं फुटायला लागे आणि पाठ टेकली की थांबे.

मग मामांनी आडवं पडण्यातच प्रावीण्य मिळवलं. मेंढरं बाजेवरून हाकायचे, गावातली भांडणं बाजेवरूनच सोडवायचे. वारंगा फाट्याच्या हॉटेलात ते शिरले की बाकावरची गिऱ्हाइकं न सांगता उठत. पुतणीच्या लग्नात त्यांनी अक्षता निजून उधळल्या, त्यातल्या निम्म्या त्यांच्याच तोंडावर पडल्या. एका मयतीला गेले, तर ओसरीवर इतके शांत पसरले की उशिरा आलेल्या पाहुण्यानं त्यांच्याच पायांवर डोकं ठेवून गळा काढला. मामांनी डोळेही उघडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आत हायती ते."

चष्मा झाला, पित्ताचा काढा झाला, दृष्ट काढून झाली. गावाचं निदान मात्र एकच, आळस. मीही हसायचो. मामी तर चारचौघांत म्हणायच्या, "ह्यांना कायबी झालं न्हाई. काम दिसलं की डोकं दुखतंय."

डोकं कुठं दुखतं, हे त्यांना सगळ्यांनी विचारलं होतं. कधी दुखतं, हे विचारलं हिंगोलीतल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी.

"उभा राहिलो की, बाई. पडलो की धा मिन्टात थांबतंय, बराबर."

बाईंनी त्यांना तडक नांदेडला एमआरआयला धाडलं. मज्जारज्जूभोवतीचं आवरण जरासं फाटून आतलं पाणी झिरपत होतं. ते कमी पडलं, की उभं राहताच मेंदू खाली ओढला जाई. उपाय असा, की मामांच्याच हातातून रक्त काढायचं आणि पाठीच्या कण्यापाशी टोचायचं. ते गोठतं आणि भोक बुजतं.

"जावईबापू," मामा मला म्हणाले, "एवढ्या सोयऱ्यांनी औषधं सांगितली, पण कामाला आपलंच रगत आलं!"

दुसऱ्या दिवशी मामा उठून दवाखान्याच्या खिडकीशी उभे राहिले. दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. मामा उभेच. मामींनी तोंडाला पदर लावला. "लई बोलले मी तुमाला."

"काहून रडून राहिलीस?" मामा बाहेर बघतच हळू आवाजात म्हणाले. "मलाबी तसंच वाटाया लागलं होतं, की मी आळशीच हाय."